परिच्छेद ४.७

कौन्सिल हॉलमधल्या लांब टेबलाच्या टोकाला
समितीची प्रतिवेदक म्हणून माझी खुर्ची.
मी बोलत नाही. बोललेलं उतरवते,
एकोणतीस वर्षं, शिसपेन्सिलीनं.
लघुलेखनात क आणि ग
एकाच मापाची, एकाच दिशेची रेघ:
बारीक ओढली तर क, दाबून ओढली तर ग.
म्हणजे कर्ज आणि गरज
यांच्यात फरक एवढाच,
बोटाचा दाब.

त्या दिवशी विषय होता परिच्छेद ४.७.
परदेशी साहाय्यातून नदीच्या पाण्याची तपासणी.
नऊ खोकी यंत्रं, रक्कम अदा,
उपयोगिता प्रमाणपत्र सहीशिक्क्यासह जोडलेलं,
आणि लेखापरीक्षकांचा एकच शेरा:
खोक्यांची सीलं शाबूत.

कार्यकारी अभियंता दातीर उभे राहिले.
थ्री-फेजची जोडणी प्रलंबित आहे, म्हणाले.
पत्रव्यवहार चालू आहे, म्हणाले.
किती वर्षं?
त्यांनी फाईल उलटली, पुन्हा सुलटली.
पंख्याचा आवाज. कुणाची तरी कपबशी.
थांबण्याला माझ्याकडे रेघ नाही.
वहीत म्हणून त्यांचं पुढचं वाक्य
प्रश्नाला लगेच चिकटून येतं:
"माहिती घेऊन समितीला सादर करतो."

तेव्हा मुजावरबाई, ज्या एरवी
तिसऱ्या तासापर्यंत तोंड उघडत नाहीत,
चष्मा पुसता पुसता म्हणाल्या,
"दातीरसाहेब, हे मागितलंत ते
गरज बघून, की कर्ज बघून?"

दुपारी गाड्या मुंढव्याच्या पुढे, नदीकडे.
रस्त्यावर धूळ नव्हती. सकाळीच पाणी मारलेलं.
फाटकाचा हिरवा रंग इतका ताजा
की अध्यक्षांच्या बाहीला लागला
आणि चार अधिकारी चार रुमाल घेऊन धावले.
आत नऊ खोकी. एकावर कुरडयांचं सूप,
एकावर पोराचं दप्तर, सातवीचं गाइड,
आणि त्याखाली छापील बाण: ही बाजू वर.
रखवालदाराची बायको सूप उचलत म्हणाली,
"आत्ता हलवते साहेब,
आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मुजावरबाईंनी विचारलं, प्यायला पाणी कुठलं?
"टँकरचं.
आजचा तुमच्या रस्त्यावर मारला."

रागावून नाही. जसं कुणी सांगावं
की आज दूधवाला आला नाही.
मी ते वाक्य कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर
गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं.

रात्री विश्रामगृहात वही उघडली.
सकाळी टोक करायचं राहिलं होतं:
मुजावरबाईंचे दोन्ही शब्द एकाच जाडीचे.
गरज बघून, की गरज बघून.
कर्ज बघून, की कर्ज बघून.
आठवणीवर विसंबून लावून घेतले,
जे नियमात बसत नाही.

उपसचिवांनी मसुदा तपासला.
टँकरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ही साक्ष नव्हे.
साक्षीदाराला नाव लागतं, हुद्दा लागतो.
त्यांचं बरोबर आहे.
टंकलिखित पानावर आता असं आहे:
समितीने स्थळास भेट दिली
व तीव्र नाराजी व्यक्त केली.
अहवाल पटलावर येईपर्यंत हेही गोपनीय.

कार्यक्रमपत्रिका अजून माझ्या पर्समध्ये आहे.
हुद्दा नसेना का, नाव तरी
मला विचारता आलं असतं.
मी तिथेच उभी होते, पेन्सिल हातात,
आणि मीही तिला
कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्यात हो,
एवढंच म्हणाले.